गोठ्यातल्या झिणझिण्या

इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला असताना मला एका प्रकारची गणितं मनापासून आवडायची. फळ्यावर रोधांचं, म्हणजे रेझिस्टन्सचं, जाळं काढलेलं असायचं, काही एकामागे एक, काही समांतर, आणि खाली प्रश्न असायचा: एकूण रोध काढा. बाकीची मुलं वैतागायची. मी मात्र एकेक कोपरा सोडवत जायचे आणि शेवटी ते सगळं जंजाळ एका आकड्यावर यायचं. त्या आकड्यावर कुणाला वाद घालता येत नसे. माझ्या आयुष्यात वाद न घालता येणारी गोष्ट तेवढीच होती, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझं माहेर संगमनेरकडचं, प्रवरेच्या पाण्यावरचं. दिलं जामखेडच्या बाजूला. बघायला आले तेव्हा थोरले दीर आमच्या ओसरीवर मांडी घालून म्हणाले होते, "शिकल्याली सून पायजेच आमाला. करू द्या की नोकरी, आमचं काय न्हाई." लग्नानंतर कळलं की नोकरीला जायचं म्हणजे नगरला नाहीतर सुप्याच्या कारखान्यांत जायचं, आणि तिकडे एकटीनं राहायचं तर घरात कुणाचीच तयारी नाही. माझे यजमान पुण्याला एका कंपनीत होते, महिन्यातून दोनदा यायचे. खोली लहान आहे, जरा थांब, म्हणायचे. मी थांबले. डिप्लोमाच्या वेळचं एक मल्टिमीटर तेवढं माझ्या पेटीत साड्यांखाली पडून होतं.

घरात सासूबाई होत्या, त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. थोरले दीर म्हणजे दादा. सगळा कारभार त्यांचा. आणि थोरल्या जाऊबाई. त्यांना मी ताई म्हणायचे. त्यांची एक मुलगी होती, तेव्हा शाळेत जाणारी. ताईंचं लहानपण आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडांवर गेलं होतं, त्यामुळे शाळा सातवीत सुटली. माणूस मात्र अतिशय तल्लख. एकदा सांगितलेलं विसरायच्या नाहीत, आणि पटलं नाही तर "का?" विचारल्याशिवाय राहायच्या नाहीत. हा "का?" त्या फक्त माझ्यापाशी विचारायच्या. दादांपुढे त्यांचं तोंड उघडलेलं मी फार कमी वेळा पाहिलं.

आमच्याकडे शेतीला पाऊस पुरत नाही, त्यामुळे घर चालायचं दुधावर. दादांनी नवा गोठा बांधला. खाली सिमेंटचा कोबा, गायी बांधायला लोखंडी पाईप, पुढे त्या पाईपांनाच जोडलेला पाण्याचा लांबट लोखंडी हौद, आणि गावात पहिल्यांदाच दूध काढायचं मशीन. मोटर चालू केली की नळ्यांत हवा ओढली जायची आणि गायीच्या सडांना लावलेल्या कपांतून दूध बादलीत यायचं. पहिल्या दिवशी आख्खं गाव बघायला आलं होतं. दादा गमबूट घालून मध्ये उभे राहिले आणि मोटरीवर हात ठेवून फोटो काढून घेतला.

मशीन दादांचं, पण त्यावर काम करायच्या ताई. सड धुवायचे, कप लावायचे, काढायचे, बादली उचलायची, कोबा धुवायचा. सगळं ओल्या हातांनी आणि अनवाणी, कारण गायीपुढे चपला घालायच्या नाहीत असं आत्यांचं म्हणणं.

दिवाळीनंतर कधीतरी ताई मला म्हणाल्या, "माज्या हाताला झिनझिन्या येत्यात गं."

आम्ही दोघी भाकरी करत होतो. मी विचारलं, "कधी येतात?"

"धारंच्या टायमाला. मनगटापस्तोर येत्यात, मग पायात जात्यात. भायेर आलं की काय न्हाई."

तेव्हा मी फार विचार केला नाही. त्यांनी आत्यांना सांगितलं, आत्यांनी दादांना. दादा त्यांना जामखेडला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि अशक्तपणा आहे म्हणाले. लाल गोळ्या दिल्या, शक्तीचं इंजेक्शन दिलं. बाईच्या अंगात काहीही होवो, आमच्याकडे त्याचं पहिलं नाव अशक्तपणा आणि दुसरं नाव कामाचा कंटाळा. ताईंनी गोळ्या इमानदारीत खाल्ल्या. झिणझिण्या काही गेल्या नाहीत. परत गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, मन शांत ठेवा, विचार कमी करा.

मग गायी बिघडायला लागल्या. मशीन सुरू झालं की पाय झाडायच्या. हौदात तोंड घालायच्या आणि दचकून मागे घ्यायच्या. पान्हा चोरायला लागल्या. केंद्रावर दूध कमी जायला लागलं तसा दादांचा पारा चढायला लागला, आणि सगळं ताईंवर आलं. "हिचा हातच वाईट हाय," आत्या म्हणाल्या. "गाईला मानसाचं मन कळतं. हिचं मन कामात न्हाई."

त्या दिवशी ताई चुलीपुढे बसून रडल्या. मी म्हटलं, "ताई, मला एकदा गोठ्यात येऊ द्या तुमच्याबरोबर."

मी धाकटी आणि शिकलेली, म्हणून मला गोठ्याचं काम नव्हतं. स्वयंपाक आणि पाणी माझ्याकडे. संध्याकाळच्या धारेला मी चपला बाहेर काढून आत गेले. मोटर चालू होती. ओल्या हाताने पाईप धरला आणि मला ताईंचं सगळं म्हणणं एका क्षणात कळलं. मुंग्यांची रांग मनगटात शिरावी तसं झालं. मी हात सोडला. शेजारच्या गायीने हौदातून तोंड वर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पेटीतलं मीटर काढलं. त्याची बॅटरी गेली होती. टीव्हीच्या रिमोटमधले सेल त्याला चालेनात, तेव्हा जामखेडहून मागवली. एक पिन पाईपला लावली, दुसरी ओल्या कोब्यावर पालथ्या घातलेल्या स्टीलच्या ताटाला. मोटर बंद असताना शून्य. मोटर चालू केली आणि मीटरने दहा व्होल्ट दाखवले. मग अर्थिंगची तार शोधली. वायरमनने गोठ्यामागे मुरमात एक सळई ठोकली होती आणि तार तिला गुंडाळली होती. अर्थिंगला लागतं ते मीठ नाही, कोळसा नाही, खड्डाही नाही. त्या तारेत मीटर घातलं तर पाव अँपिअर करंट जमिनीत जात होता. घरातला पंखा ओढतो जवळपास तेवढा.

ते गणित मी परातीतल्या पिठावर बोटाने केलं, आणि ताईंना समजावूनही तिथेच दिलं.

"हे बघा ताई. मोटरीच्या आतलं वायंडिंग, ते तारांचं वेटोळं, कुठेतरी ओलीनं खराब झालंय. तिथून करंट मोटरीच्या अंगावर येतो, तिथून पाईपवर, आणि तारेतून जमिनीत. म्हणजे वाटेत दोन अडथळे. एक खराब वायंडिंगचा, दुसरा जमिनीचा. दोन्ही एकामागे एक, म्हणून त्यांची बेरीज करायची. दोनशे तीस भागिले पाव, नऊशे वीस. हा एकूण रोध. त्यात जमिनीचा चाळीस, बाकीचा मोटरीतला."

"बरं. मग?"

"ज्याचा अडथळा मोठा, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. आत्ता जमीन ओलसर आहे म्हणून तिच्या वाट्याला दहाच येतात. पाईपवर तेवढेच दिसतात. उन्हाळ्यात मुरूम सुकला आणि चाळीसाचे दोनशे झाले, तर पाईपवर चाळीसच्या वर जातील."

ताईंनी पिठातल्या आकड्याकडे बोट केलं. "मग ह्यास्नी का न्हाई लागत? ह्ये बी पाईप धरत्यात की."

असा प्रश्न डिप्लोमाच्या वर्गात कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "दादा गमबूट घालतात. रबराचा रोध लाखांत असतो. त्यांचं शरीर आणि बूट मिळून एकूण इतका होतो की करंट जवळपास जातच नाही. तुमचे हात ओले, पाय उघडे. तुमचा एकूण होतो दोनेक हजार. गायीचं तोंड पाण्यात, चारी खूर ओल्यावर. तिचा तुमच्यापेक्षाही कमी. म्हणून गायीला सगळ्यात जास्त लागतो, मग तुम्हाला. दादांना नाहीच."

"म्हंजी मी खोटं बोलत न्हवते," ताई म्हणाल्या. बाकीचं त्यांना जणू नको होतं. त्यांनी पिठातले आकडे पुसले नाहीत. मीच पुसले, भाकऱ्या व्हायच्या होत्या.

दादा माझ्याशी थेट बोलत नसत. धाकट्या भावजयीशी बोलायची रीत नव्हती. त्यामुळे मी बोलायचं आत्यांना, आत्यांनी सांगायचं दादांना, दादा तिथेच समोर बसलेले. त्या संध्याकाळी मी म्हटलं, "आत्या, दादांना सांगा, मोटर रिवायंडिंगला द्यावी लागेल आणि अर्थिंग नव्यानं करावं लागेल. पाईपला करंट उतरतोय."

दादा आत्यांकडे बघून हसले. "तिला म्हनावं, करंट असता तर मला लागला नसता व्हय? मी रोज धरतो पाईप."

"दादांच्या पायात गमबूट असतात."

"वायरमननी अर्थिंग केल्याली हाय. वीस वर्सं झाली त्याला काम करून. त्याला कळत न्हाई आन पुस्तकाला कळतंय?"

मी मीटर आणून दाखवते म्हटलं. ते उठले. "मोटर उघडायची न्हाई कुनी," दारातून म्हणाले. "आधीच दूध कमी झालंय."

वायरमनला त्यांनी बोलावलं मात्र. तो आला, टेस्टर पाईपला लावला, दहा व्होल्टला त्याचा दिवा लागणार कसा, त्यावर म्हणाला, "टेस्टर लागत न्हाई. फ्यूज उडला का? न्हाई ना? मग फॉल्ट न्हाई." मी दारामागून म्हटलं, पाव अँपिअरला फ्यूज कसा उडेल? तो माझ्याकडे न बघता दादांना म्हणाला, "वहिनी शिकलेल्या दिसत्यात." दोघे हसले आणि चहा प्यायले. तो चहा मीच केला होता.

यजमानांना फोन केला. ते म्हणाले, "दादा बघतील ना. तू कशाला मध्ये पडतेस? घरात राहायचंय तुला."

ताईंनी एक वाट काढली. बाजारातून आणलेल्या साध्या रबरी सपाता घालून त्या गोठ्यात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा खुलला होता. "कमी झालं गं! जवळजवळ न्हाईच."

तो आनंद दोन वेळच्या धारांपुरता टिकला. आत्यांनी पाहिलं. "गाईपुढं चपला? लक्ष्मी हाय ती. म्हनून तर दूध आटलं."

ताईंनी पहिल्यांदाच उलट विचारलं, "आन ह्येंच्या पायात काय हाय?"

"ते गमबूट हायती," आत्या म्हणाल्या, जणू ते पायात नसून डोक्यावर घालतात.

मी आत्यांना दोष देऊन मोकळी होऊ शकले असते. पण आत्यांनी स्वतः आयुष्यभर शेणात अनवाणी पाय घातले होते, आणि सुनेच्या पायांत सपाता आल्या की त्यांना आपले भेगाळलेले पाय आठवत असणार. हे मला आत्ता लिहिताना सुचतं. तेव्हा फक्त राग येत होता. सपाता दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर सापडल्या.

उरलं होतं ते एकच. जमीन ओली ठेवायची. जमिनीचा रोध कमी राहिला तर पाईपवरचे व्होल्ट कमी राहतील. मी आणि ताई आंघोळीचं पाणी साठवून त्या सळईभोवती आळं करून ओतायला लागलो. थोडं मीठही टाकलं. संध्याकाळी मीटर लावलं तर दहाचे सहा झाले होते. ताई आकडा वाचायला शिकल्या होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, "सा आलं बग, सा!" पास झालेल्या मुलीसारखा आवाज होता.

पण तो उन्हाळा टँकरचा होता. आमच्या जिल्ह्यात पाणी अडवणारं गाव म्हणून हिवरे बाजारचं नाव सगळीकडे घेतात, पाहुणे बघायला येतात. आमच्या गावाला तसं काही जमलं नाही. मार्चमध्येच विहिरीने तळ दाखवला. आंघोळीचं पाणी शेवग्याला जायचं, ते सळईला जातंय हे आत्यांच्या लक्षात आलं.

"मानसाला प्यायला पानी न्हाई आन तुमी सळईला पाजताय?"

दादांना पारावर कुणीतरी छेडलं होतं. ते घरी येऊन ताईंवर ओरडले, "लोकं इचारत्यात, तुमच्या सुना खिळ्याला पानी घालत्यात, नवस बोलल्यात का? महादेवाची पिंड हाय व्हय ती?" त्यांनी आळं पायाने मोडलं. गमबूट घातलेल्या पायाने.

मग मुरूम सुकत गेला आणि आकडा वाढत गेला. ताई मला रोज विचारायच्या, आज किती? मी सांगायचे. चौदा. वीस. मशीन लावू नका, हाताने धारा काढा, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी एके दिवशी तसं केलं तर दादांनी मशीन काय शोभेला आणलंय का म्हणून घर डोक्यावर घेतलं. मग ताईंनी आपली एक रीत केली. मोटर चालू करायच्या आधी सड धुवून कप हाताशी ठेवायचे, चालू झाल्यावर पाईपला हात लावायचा नाही, रिकामं पोतं कोरडं करून त्यावर उभं राहायचं. पोतं किती वेळ कोरडं राहणार? मी त्यांना मेन स्विच कुठे आहे ते दाखवलं आणि बजावलं, "काहीही झालं, कुणीही पडलं, तरी आधी हात लावायचा नाही. आधी मेन पाडायचा."

गाय पडली ती मेच्या एका संध्याकाळी, आकडा चाळीसच्या पुढे गेला होता तेव्हा. घरातली सगळ्यात चांगली गाय, काळीपांढरी, दादांची लाडकी. दुपारभर उन्हात तहानलेली होती. ताईंनी मोटर चालू केली आणि त्याच वेळी तिने हौदात तोंड खुपसलं. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. मला धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ ताईंची किंकाळी. मी धावले.

गाय आडवी होती, मान हौदाच्या काठाशी वाकडी झालेली, पाय ताणलेले, थरथरत होते. दादा बाहेरून पळत आले. ते सरळ गायीकडे निघाले आणि तिच्या मानेशी गुडघे टेकायला वाकले. गुडघ्याला काही गमबूट नव्हते. त्यांचा हात गायीच्या गळ्यातल्या साखळीपाशी पोचणार एवढ्यात मोटरीचा आवाज बंद झाला. ताईंनी मेन पाडला होता. त्या भिंतीला पाठ लावून स्विचच्या दांड्याला लोंबकळल्यासारख्या उभ्या होत्या.

गाय उठली नाही.

दादा तिच्या डोक्यावर हात फिरवत लहान मुलासारखे रडले. ते दुःख खरं होतं, त्यात मला शंका नाही. पण त्यांनी एकदाही मान वळवून भिंतीपाशी कोण उभं आहे ते पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी गाय तपासली, हौद पाहिला, पाईप पाहिला आणि म्हणाले, "शॉक आहे हा. अर्थिंग कसलंय तुमचं?" एवढंच म्हणाले. माझ्या तोंडून, ताईंच्या तोंडून हिवाळ्यापासून जे निघत होतं ते त्यांच्या तोंडून एकदा निघालं आणि खरं झालं. दुपारपर्यंत मोटर खोलून रिवायंडिंगला रवाना झाली. गोठ्यामागे माणसं लावून खड्डे खणायला घेतले. दादांच्या मोबाईलच्या स्टेटसला गायीचा फोटो लागला, हार घातलेला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. नातेवाइकांचे फोन आले. ताई वाचल्या, असं कुणी म्हटलं नाही, कारण ताईंना काही झालं असतं हे कुणाला सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी आत्या माझ्याकडे आल्या. "त्यो इचारतोय, खड्डे किती घ्यायचे?"

दादा अंगणातच उभे होते, पाठ करून. मी आत्यांना सांगितलं. "या मुरमात एका खड्ड्याचा रोध साठाच्या आसपास येईल. तीन खड्डे घ्या, अंतर सोडून, आणि तिन्ही एका तारेनं जोडा. समांतर जोडले की एकूण रोध घटतो. साठचे वीस होतील. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, आणि रोज पाणी. पण तेवढ्यावर भागणार नाही. एक ईएलसीबी बसवा. जरा करंट जमिनीत गेला की ती आपोआप लाईट पाडते."

"एवढं ध्यानात ऱ्हाईल का माज्या?" आत्या म्हणाल्या.

दादा पाठ न वळवता म्हणाले, "ऐकलंय मी."

तीन खड्डे झाले. त्यात ओतायला टँकरचं पाणी आलं, पिंपं भरून. पारावर कुणी हसलं नाही. आठवड्यात दादा दूध केंद्रावर लोकांना सांगायला लागले, जनावर पान्हा चोरत असेल तर आधी करंट तपासा, माझ्या लक्षात आलं म्हणून बाकीच्या गायी वाचल्या. माझे यजमान सुट्टीला आले तेव्हा हे कौतुकाने मला सांगत होते. मी म्हटलं, "तुम्हाला मी फोन केला होता." ते म्हणाले, "झालं ना आता नीट? कशाला उगाळत बसतेस?"

मोटर परत आली, सगळं जोडलं, मी मीटर लावलं. काही दाखवत नव्हतं. मी ताईंना सांगायला गेले. त्या उंबऱ्यावर चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. धारांची वेळ झाली होती, गायी हंबरत होत्या.

"ताई, आता पाईपला काही नाही. मी बघून आले."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि बसूनच राहिल्या.

दादा गोठ्यातून ओरडले, "कुठं मेली? टाईम झाला."

ताई तिथूनच म्हणाल्या, "मी न्हाई यायची."

दादा बाहेर आले. त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हनलीस?"

"म्या गोठ्यात न्हाई यायची. आज न्हाई आन उद्या बी न्हाई. तुमी काढा धारा. तुमच्या पायात बूट हायती."

"आता तर सगळं दुरुस्त केलंय की!"

"गाईसाठी केलंय," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी सा म्हयने सांगत हुते. मला गोळ्या चारल्या."

आत्या मध्ये पडल्या, दादा हात उगारून आले आणि आले तसे थांबले, का ते मला माहीत नाही. कदाचित मी उंबऱ्यात ताईंच्या शेजारी उभी होते म्हणून. कदाचित त्यांना ती संध्याकाळ आठवली असेल. मला तसं वाटून घ्यायला आवडेल, पण खात्री नाही. त्या दिवशी धारा दादांनी काढल्या. दुसऱ्या दिवशी ताईंच्या भावाला बोलावून घेतलं. त्याने बहिणीला समजावलं, मग दटावलं, मग घेऊन गेला. पावसाळाभर ताई माहेरी होत्या. माहेर म्हणजे तरी काय, पाऊस संपला की तिथलं आख्खं घर कोयता घेऊन कारखान्याला निघतं. ते निघाले तशा त्या परत आल्या. जायला दुसरी जागा नव्हती.

पण गोठ्यात गेल्या नाहीत. दादांनी एक जोडपं कामाला ठेवलं. आत्यांनी ताईंशी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे. घरात एक चूल आणि तिच्याभोवती चार गप्प मोठी माणसं, असं आमचं चाललंय. पुण्याची खोली अजून लहानच आहे म्हणे.

मला वाटलं होतं, निदान आम्हा दोघींमध्ये काही बिघडलं नाही. आम्ही एकमेकींच्या बाजूच्या होतो. मग यंदा ताईंची मुलगी दहावी झाली. चांगले मार्क पडले. तिला सायन्स घ्यायचं होतं, गणित तिला आवडायचं, माझ्याकडे येऊन बसायची. मी ताईंना म्हटलं, "जामखेडला घालू या तिला. मी शिकवीन वर. पुढे इंजिनिअरिंगला जाईल."

आम्ही रानात मूग तोडत होतो. ताईंनी हात थांबवला नाही. "आन मग?"

"मग काय? शिकेल. कळेल तिला चार गोष्टी."

"तुला कळत हुतं," ताई म्हणाल्या. "तुला पयल्या दिसापासनं आकडा सुदीक ठावूक हुता. मला ठावूक न्हवता म्हनून माजं कुनी ऐकलं न्हाई, आसं मी धरून चालले हुते. मग तुजं का न्हाई ऐकलं?"

मी पुढच्या झाडाच्या शेंगा तोडायला घेतल्या.

"मला नुसत्या झिनझिन्या आल्या. तुला झिनझिन्या का येत्यात ते बी कळलं. तरास कुनाला जास्ती झाला, सांग बरं."

त्यांनी ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं, त्यांचा तो जुना "का?" होता. मी ओंजळीतल्या शेंगा पाटीत टाकल्या आणि पुढच्या ओळीला गेले. मुलीने अकरावीला आर्ट्स घेतलं. कॉलेजात नाव घालायला दादा गेले होते. ती अजून मधूनमधून माझ्याकडे येऊन बसते, पण गणित काढत नाही. मोबाईल बघत बसते, आणि मी तिला काही म्हणत नाही.